सागरी बचावकार्य : समन्वयाची कसोटी

गावात आग लागली, तर आगीचे ठिकाण जागचे हलत नाही. बंब उशिरा पोहोचला तरी त्याला जायचे कोठे, हे ठाऊक असते. समुद्रातील संकटाचे तसे नसते. निकामी झालेली नौका प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि पाण्यात पडलेला माणूस वारा व लाटा नेतील तिकडे सरकत राहतो. पहिल्या तासात जो शोध काही चौरस मैलांत संपला असता, तो दुसऱ्या दिवशी शेकडो चौरस मैलांत पसरतो. म्हणूनच सागरी बचावकार्यात धाडसाइतकेच महत्त्व समन्वयाला आहे.

सूत्रे कोणाकडे?

समुद्रातील माणसाचे प्राण वाचविताना राष्ट्राराष्ट्रांतील सीमांचा अडसर येऊ नये, या हेतूने १९७९ साली हॅम्बर्ग येथे सागरी शोध व बचाव यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार करण्यात आला. जगातील समुद्राचे विभाग पाडून प्रत्येक विभागाची जबाबदारी एकेका देशावर सोपविण्यात आली. भारताच्या वाट्यास आलेले क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागाहूनही मोठे आहे.

या कार्याची सूत्रे भारतीय तटरक्षक दलाकडे आहेत. दलाची मुंबई, चेन्नई व पोर्ट ब्लेअर येथे सागरी बचाव समन्वय केंद्रे असून पश्चिम किनाऱ्यावरील संकटाची हाक मुंबई केंद्राकडे येते. ही हाक बिनतारी संचाच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवरून, नौकेवरील संकटसूचक यंत्राने उपग्रहामार्फत किंवा १५५४ या दूरध्वनी क्रमांकावरून देता येते.

हाक येताच केंद्रातील अधिकारी प्रथम तिची खातरजमा करतात. नौकेचे अखेरचे ठिकाण, वाऱ्याची दिशा व प्रवाहाचा वेग यांवरून ती कोठवर वाहत गेली असेल याचे गणित मांडले जाते. त्या परिसरात कोणती जहाजे आहेत, हे पाहून सर्वांत जवळच्या जहाजास तिकडे वळण्याची सूचना दिली जाते. ते जहाज मालवाहू असो वा तेलवाहू, संकटातील माणसांच्या मदतीस जाणे हे त्याच्या कप्तानाचे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कर्तव्यच आहे. घटनास्थळी अनेक जहाजे जमल्यास त्यांपैकी एकाकडे तेथील समन्वय सोपविला जातो. तसे न केल्यास एकाच पट्ट्यात दोनदा शोध होतो आणि दुसरा पट्टा तसाच राहतो.

मुंबई हाय, २००५

या व्यवस्थेची कठोर परीक्षा २७ जुलै २००५ रोजी झाली. आदल्याच दिवशी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि मुंबई शहर पाण्याखाली होते. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील मुंबई हाय तेलक्षेत्रात ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील एका स्वयंपाक्यास दुखापत झाली. हवामानामुळे हेलिकॉप्टर उपलब्ध नव्हते. त्यास क्रेनच्या पाळण्यातून प्लॅटफॉर्मवर उतरविण्यासाठी जहाज जवळ आणण्यात आले आणि ते तेलवायूच्या उभ्या नळांवर आदळले. गळणाऱ्या वायूने पेट घेतला. सुमारे दोन तासांत संपूर्ण प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला.

प्लॅटफॉर्म, त्याला लागून उभी असलेली रिग आणि जहाज यांवर मिळून ३८४ माणसे होती. खवळलेल्या समुद्रात नौदल, तटरक्षक दल आणि तेलक्षेत्रातील जहाजे यांनी रात्रभर शोध घेऊन ३६२ जणांना वाचविले. २२ जण मात्र प्राणास मुकले. जहाजावरील दाबकक्षात अडकलेल्या सहा पाणबुड्यांची सुटका सुमारे ३६ तासांनी झाली. एका माणसाच्या उपचारासाठी सुरू झालेल्या हालचालीतून एवढा अनर्थ ओढवला. संकटकाळी निर्णय घेताना पर्यायी व्यवस्था आधीच ठरलेली असणे किती आवश्यक असते, हे यावरून दिसून येते.

तौक्ते, २०२१

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने आणखी एक धडा दिला. १७ मे रोजी हे वादळ मुंबईच्या जवळून गुजरातकडे गेले. तेलक्षेत्रातील कामासाठी नांगरून ठेवलेला ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून वाहू लागला आणि त्याच सायंकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाच्या ‘कोची’ व ‘कोलकाता’ या युद्धनौकांनी आणि तेलक्षेत्रातील पुरवठा जहाजांनी प्रचंड लाटांतून १८६ जणांना वर काढले. शोधासाठी विमाने व हेलिकॉप्टरेही लावण्यात आली. याच वादळात भरकटलेल्या ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ या तराफ्यावरील १३७ जणांची सुखरूप सुटका झाली.

वादळाची पूर्वसूचना हवामान खात्याने काही दिवस आधीच दिली होती. वादळ अंगावर आल्यावर कितीही निष्णात पथक गेले, तरी सर्वांना वाचविणे त्याच्या हाती राहत नाही. बचावाचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा टप्पा इशारा मिळताच बंदरात परतण्याचा असतो. तो हुकला की पुढच्या प्रत्येक टप्प्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते.

किनाऱ्यावरील निम्मे काम

माणूस पाण्याबाहेर आला म्हणजे बचावकार्य संपले, असे नाही. बंदरावर रुग्णवाहिका हव्यात, रुग्णालयात खाटा हव्यात. वाचलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची एकच यादी असणे तर अत्यावश्यक आहे. तौक्तेनंतर मृतदेह रायगडच्या आणि थेट गुजरातच्या किनाऱ्यास लागले. ओळख पटविण्यासाठी नातलगांच्या रक्ताचे नमुने घ्यावे लागले. बंदर प्रशासन, पोलीस, आरोग्य विभाग आणि लगतच्या राज्याचे अधिकारी यांच्यात दुवा नसता, तर कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही घडले नसते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्यातील या सर्व कामांची सांगड घालण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणावर आहे.

पहिला दुवा

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बंदरांतून रोज असंख्य मच्छीमार नौका समुद्रात जातात. बुडणाऱ्याच्या हाकेला पहिली धावून जाणारी नौका अनेकदा शेजारच्या तांडेलाचीच असते. तिच्यावर चालू स्थितीतील बिनतारी संच असेल, प्रत्येक खलाशाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असेल आणि नौका किती माणसांसह कोठे गेली याची नोंद किनाऱ्यावर असेल, तर मुंबई केंद्राचे गणित अचूक ठरते. नोंदच नसेल, तर कोणास शोधायचे हेही कळत नाही.

युद्धनौका, विमाने व उपग्रह ही या साखळीतील मोठी साधने होत. परंतु साखळीचा पहिला दुवा इशारा ऐकून वेळीच नौका मागे फिरविणाऱ्या तांडेलाच्या हाती असतो. तो दुवा पक्का असेल, तरच पुढील सर्व यंत्रणेच्या परिश्रमांचे चीज होईल.