शेवटच्या दिवसांचे केंद्र कसे पारखावे?

मागील अंकात रुग्णसाहाय्य निधीचा हिशेब छापला होता. तो वाचून एका हितचिंतक ताईंनी पत्राने विचारले, "बरा न होणारा रुग्ण तुम्ही हॉस्पिसमध्ये पोहोचवता. पण ते केंद्र खरोखर चांगले आहे की नुसती इमारत चांगली आहे, हे तुम्हाला कसे कळते?" संपादकांनी पत्र माझ्याकडे दिले, कारण जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांतल्या पाड्यांवरून रुग्णांना मुंबईला आणि नाशिकला नेण्या-आणण्याचे काम परिचारिका म्हणून गेली चौदा वर्षे माझ्याकडे आहे. उत्तर पत्रात मावेना, म्हणून इथे लिहिते.

हॉस्पिस हा शब्द आपल्या भागात अजून रुळलेला नाही. आजार हटणार नाही हे कळल्यावरही वेदना, धाप, उलट्या, जखमा आणि मनातली भीती यांवर पुष्कळ उपचार करता येतात. त्यांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. (खरे तर हे उपचार पहिल्यापासूनच मूळ उपचारांच्या जोडीने व्हायला हवेत, पण तो विषय वेगळा.) शेवटच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ही सेवा जिथे राहून मिळते ते हॉस्पिस. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तिथून आजच्या पद्धतीची सुरुवात झाली. या बाई आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ साली उभे राहिलेले शांती आवेदना सदन. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. हॉस्पिसमध्ये मरण लवकर आणत नाहीत आणि नळ्या लावून लांबवतही नाहीत. पाड्यावर मात्र अजून "तिकडे मरायला पाठवतात" असेच बोलले जाते, म्हणून हे आधी सांगितले.

आमच्याकडे येणारे रुग्ण बहुतेक दोन प्रकारचे. पुरुषांमध्ये तंबाखूमुळे झालेला तोंडाचा कर्करोग, बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा. मशेरी लावणाऱ्या बायकांनाही तोंडाचा होतोच. आधी घरचे औषध, मग भगत, मग तालुक्याचा दवाखाना अशा वळणाने माणूस परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतो, तोवर आजार फार पुढे गेलेला असतो. "आता घरी न्या, सेवा करा," असे ऐकून घरचे दीडशे किलोमीटरचा प्रवास करून परत येतात. गालाला भोक पडलेले, लाळ गळते आहे, रात्रभर कण्हणे चालू, आणि सेवा म्हणजे नेमके काय करायचे हे कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी केंद्र शोधावे लागते.

केंद्र बघायला गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तोंडाने घ्यायचे मॉर्फिन इथे आहे का? आहे म्हणाले तर मी साठ्याची नोंदवही बघायला मागते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर साध्या गोळ्या पुरत नाहीत, आणि मॉर्फिनची गोळी स्वस्त असते. तरीही ती पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि आपल्याच माणसाला त्या अफूपासून होणारे औषध मिळू नये, याचा मला अजूनही राग येतो. याला मुख्य कारण १९८५ सालचा अमली पदार्थांचा कायदा. त्यातल्या परवान्यांच्या जाळ्यामुळे रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. म्हणून "परवानगी मिळत नाही हो" असे उत्तर आले तर मी अर्ज केव्हा केला ते विचारते. अर्जच केलेला नसेल तर त्या केंद्राने वेदनेचा विचार किती केला आहे ते समजते.

औषध असणे पुरत नाही, ते कसे देतात हेही बघावे लागते. साध्या मॉर्फिनचा परिणाम चारेक तास टिकतो, म्हणून ते घड्याळ लावून द्यायचे असते. रुग्ण ओरडू लागला की गोळी, हा प्रकार दिसला तर तिथे शिक्षण कमी पडले आहे असे समजावे. रात्री झोपताना डॉक्टर बहुधा मात्रा वाढवून देतात, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नाही. मॉर्फिनने पोट हमखास बांधले जाते, तेव्हा जोडीला जुलाबाचे औषध लिहिलेले असलेच पाहिजे. मी तक्त्यावर ते आधी शोधते. आणखी एक प्रश्न मी डॉक्टरांना विचारते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पुढे पुढे मूत्रपिंडे बिघडतात, आणि मग मॉर्फिन शरीरात साचते. तेव्हा तुम्ही काय करता? मात्रा कमी करतो, दोन मात्रांमधले अंतर वाढवतो किंवा औषध बदलतो, असे सहज उत्तर देणाऱ्या डॉक्टरांच्या हाती मी रुग्ण निर्धास्त सोडते.

वेदना मोजतात कशी, हेही पाहण्यासारखे. शहरात "शून्य ते दहा यांपैकी किती?" असे विचारतात. शाळा न पाहिलेल्या आजीला त्यातून काही बोध होत नाही, ती सरळ "लय" म्हणते आणि तक्त्यावर दहा लिहिले जातात. चेहऱ्यांची चित्रे दाखवून विचारले तर जमते. जुन्या माणसांना मी रुपयात किती आणे दुखते असे विचारते. काल बारा आणे होते, आज चार आणे आहे, असे ती अगदी नेमके सांगतात. केंद्रातल्या सिस्टरांनी अशी काही युक्ती शोधली असेल तर त्या माणसाशी बोलतात हे नक्की.

जखमांविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागेल, वाचकांनी क्षमा करावी. गालाची किंवा छातीची जखम फुटली की वास सुटतो. त्या वासाने नातवंडे जवळ येईनाशी होतात आणि रुग्ण स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर घातली की हा वास पुष्कळ कमी होतो. अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा धरून त्या काढता येतात. यात महागडे काही नाही, पण हाताला सवय आणि मनाला धीर लागतो. वॉर्डात शिरताच अगरबत्तीचा किंवा फिनेलचा फार दर्प आला तर मी सावध होते आणि एखाद्या रुग्णाची पाठ बघू द्या म्हणते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली जाते की नाही हे भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा पाठ जास्त खरे सांगते.

इथवरचे प्रश्न कुठल्याही रुग्णासाठी विचारावेत. आपल्या माणसांसाठी मला आणखी काही बघावे लागते.

नागलीची आंबील किंवा भाताची पेज मिळेल का? नळीने अन्न जाणाऱ्या रुग्णालासुद्धा गाळलेली पेज देता येते. ती आपल्या घरची आहे हे त्याला कळते, आणि जिभेवर चव आली नाही तरी तो समाधानाने डोळे मिटतो. घरच्यांपैकी एकाला रात्री जवळ झोपता येईल का, तेही खाली चटईवर? खाटेवर झोपायची सवय नसलेली माणसे उंच पलंगावर रात्रभर जागी राहतात. आलेल्या मुलाला किंवा सुनेला दोन वेळचे जेवण मिळेल का? रोजची मजुरी बुडवून आलेला माणूस मुंबईत चार दिवस विकत खाऊन राहू शकत नाही, मग तो रुग्णाला सोडून निघून जातो आणि लोक म्हणतात, टाकून गेला. कोणी वारली बोलणारे किंवा निदान समजणारे आहे का? नसेल तर आमच्या कार्यकर्त्याला फोनवर घेऊन बोलण्याची तयारी आहे का?

श्रद्धेचा प्रश्नही मी सोडत नाही. गळ्यातला गंडा काढायला लावतात का, भगताच्या नावाने हसतात का, हे मी बघते. केंद्र कोणत्या का संस्थेचे असेना, मरणाच्या दारात असलेल्या माणसाकडून कोणतीही प्रार्थना म्हणवून घेतली जात असेल तर तिथे आमचा रुग्ण जात नाही. त्याने स्वतःहून मागितली तर गोष्ट वेगळी. हा नियम आमच्या मिशनच्या कार्यकर्त्यांनाही तितकाच लागू आहे.

नाव घेत नाही, पण एका शहरातले केंद्र पाहून आम्ही परत आलो होतो. संगमरवरी फरशी, देणगीदारांच्या नावांच्या पाट्या, बाग, सगळे उत्तम. मॉर्फिन नव्हते. रात्री डॉक्टर फोनवरही मिळत नसत. नातेवाइकांना भेटायला संध्याकाळी एक तास. उलट नाशिककडचे एक दहा खाटांचे केंद्र पत्र्याच्या छपराचे आहे, उन्हाळ्यात तिथे चांगलेच तापते, आणि तिथे मी डोळे मिटून रुग्ण पाठवते. गेल्या वर्षी आमची एक बाई तिथे होती, गर्भाशयमुखाचा कर्करोग, वय पन्नाशीच्या आसपास. तिसऱ्या दिवशी वेदना आटोक्यात आल्या. आठव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारले, "बाय, तुला काय हवे?" ती म्हणाली, आवणी सुरू झाली असेल, मला घरी जायचे आहे. घरचे घाबरले, परत दुखू लागले तर काय करायचे म्हणून. डॉक्टरांनी सुनेला दोन दिवस जवळ बसवून गोळ्यांच्या वेळा शिकवल्या. अक्षर वाचता येत नाही म्हणून सूर्य, माथ्यावरचे ऊन, चूल आणि चांदणी अशी चित्रे कागदावर काढून प्रत्येकाखाली गोळ्या चिकटवून दिल्या. त्यांची सिस्टर दर आठवड्याला फोन करत होती आणि आमची कार्यकर्ती घरी जात होती. बाई पाच आठवडे घरी जगली. पडवीत बसून तिने शेवटची आवणी पाहिली. रुग्णाला घरी सोडायला जे केंद्र तयार असते, आणि सोडल्यावरही ज्याचा हात सुटत नाही, त्याला मी सर्वांत जास्त गुण देते. केरळात तर गावातलेच स्वयंसेवक घरोघरी जाऊन ही सेवा पोहोचवतात. तिथल्या सरकारने २००८ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण केले. आपल्या डोंगराळ भागाला तशीच पद्धत सोयीची पडेल असे माझे मत आहे, कारण शेवटी बहुतेकांना घरीच जायचे असते.

मृत्यूनंतरचे विचारायला लोक कचरतात. मी आधीच विचारते. १०८ची गाडी रुग्णासाठी असते, मृतदेह गावी न्यायला शववाहिका लागते, आणि खासगी गाडीवाला रात्री दीडशे किलोमीटरचे किती मागेल याचा नेम नसतो. केंद्र गाडीची सोय करते का, मृत्यूचा दाखला लगेच देते का, घरच्यांना शेवटचे पाणी पाजायला बोलावते का? महिन्याभराने त्या घरी एखादा फोन जातो का? पैशांबाबत मात्र थोडक्यात: मोफत असेल तर सगळेच मोफत आहे की औषधे बाहेरून आणावी लागतात ते लिहून घ्यावे, शुल्क असेल तर आगाऊ रक्कम परत मिळते का ते विचारावे.

एक गोष्ट कोणीही करू शकते. तिथे ज्यांचा माणूस गेला अशा एखाद्या घरी जाऊन या. केंद्र कसे आहे असे विचारू नका, चांगले होते असेच सांगतात. शेवटच्या रात्री काय काय झाले, कोण जवळ होते, हाक मारल्यावर कोणी किती वेळाने आले, एवढेच विचारा आणि ऐकत राहा.

आपल्या पाड्यावर असा कोणी रुग्ण असेल तर मंगळवारी सकाळी आमच्या केंद्रावर या. रुग्णाला आणायची गरज नाही, आम्ही घरी येतो. येताना रुग्णालयाची फाईल, तपासणीचा तुकडा काढला असेल तर त्याचा अहवाल, शेवटचे घरी सोडल्याचे कार्ड, रेशनकार्ड आणि आधारकार्ड आणा. दुखणे कोणत्या वेळी वाढते, झोप किती लागते, शेवटचे पोट कधी साफ झाले, हे घरात विचारून या. औषधांची रिकामी पाकिटेही टाकून देऊ नका, आधी काय चालू होते ते त्यांवरूनच कळते.