जळजळ अंगावर काढू नका

लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक तरुणींना लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते. लाजेपोटी त्या दुखणं अंगावर काढतात. या जळजळीचं कारण शरीररचनेतच आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा सुमारे २०. गुदद्वाराजवळचे ई. कोलाय जीवाणू संबंधाच्या वेळी पुढे सरकतात आणि सहज मूत्राशय गाठतात. संबंधानंतर लगेच लघवी केली, तर ते वाहून जायला मदत होते. दोघांनीही आधी हात आणि बाहेरचा भाग स्वच्छ धुवावा. योनीच्या आत मात्र साबण किंवा जंतुनाशक नको. तिथले लॅक्टोबॅसिलस जीवाणू आम्लता राखून रोगजंतूंना रोखतात, तेच त्याने मरतात. जळजळीसोबत ताप किंवा पाठीत, बरगडीखाली दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.