बाजारातील फारसी : सुरुवात कोठून करावी?

इराणचा पिस्ता, केशर, गालिचे किंवा अफगाणिस्तानचा सुका मेवा यांचा व्यवहार करताना दुभाष्यावाचून काम अडते. सौदा दोघांचा आणि भाव मात्र तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचा, यात नुकसान कोणाचे हे व्यापारी बांधवांना सांगायला नको.

बोलण्यापुरती फारसी शिकणे आपल्याला अवघड नाही. बाजार, दुकान, नमुना, कारखाना, खरेदी हे शब्द फारसीतूनच मराठीत आले. क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते आणि नामांना लिंग नसल्याने तो-ती-तेची कटकट नाही. उर्दू वाचणाऱ्यास लिपीही ओळखीची आहे.

प्रथम आकडे पाठ करावेत : येक, दो, से, चहार, पंज, शेश, हफ्त, हश्त, नोह, दह. शंभरास सद, हजारास हेजार. 'चंदे?' म्हणजे केवढ्याला? 'तख्फीफ' म्हणजे सूट. पुस्तकात 'गेरान अस्त' असते, तेच तेहरानच्या बाजारात 'गेरूने' असे ऐकू येते. अर्थ एकच, महाग आहे. म्हणून केवळ पुस्तकावर भागत नाही, कानही तयार करावा लागतो.

तीन गोष्टी जपाव्यात. पहिली, उर्दूवर फार विसंबू नये. इराणात 'गरीब' म्हणजे परका माणूस. तेथे सिंह आणि दूध दोन्ही 'शीर'. काबूलच्या दरी बोलीत मात्र सिंहाला 'शेर'च म्हणतात. तेव्हा आपला व्यवहार कोणाशी आहे ते पाहून उच्चार शिकावा.

दुसरी गोष्ट चलनाची. इराणात कागदोपत्री रियाल, पण तोंडी भाव तोमानात सांगतात. 1 तोमान म्हणजे 10 रियाल. पन्नास हजार तोमान म्हणजे पाच लाख रियाल. येथे गफलत झाली तर हिशेब दहापटीने चुकतो. आकडा ऐकल्यावर 'तोमान की रियाल?' हे विचारून कागदावर लिहून घ्यावे.

तिसरी, 'तआरोफ' नावाचा शिष्टाचार. पैसे विचारताच दुकानदार 'गाबेली नदारे', म्हणजे आपल्यापुढे त्याची काय किंमत, असे म्हणेल. ही केवळ अदब आहे. माल उचलून चालू लागू नये. आग्रहाने पुन्हा भाव विचारावा.

आपल्याच मालाविषयी वीस वाक्ये निवडून ती रोज मोठ्याने म्हणावीत. दुभाषा लगेच सुटणार नाही, पण तो काय बोलतो आहे हे तरी कळू लागेल. सौद्यात तेवढेही पुष्कळ असते.