शेतकऱ्याने उत्तर दिलं नाही, की ते सर्व्हरपर्यंत पोहोचलंच नाही?

फोनवरून सर्वेक्षण करायचं ठरवलंत, तर ॲस्टेरिस्क हे नाव कानावर येईलच. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर साध्या संगणकाचं टेलिफोन एक्स्चेंज बनवतं.

समजा, निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना तुम्ही विचारताय, "भुरी दिसली असेल तर १ दाबा." शेतकरी प्रश्न ऐकतो, १ दाबतो. तुमच्या तक्त्यात मात्र 'उत्तर नाही'. असं का होतं?

इंटरनेट कॉलमध्ये दोन वाटा असतात. कॉल जोडण्याची बोलणी एसआयपीने होतात, बहुधा ५०६० पोर्टवर. आवाज आणि सहसा दाबलेली बटणंही आरटीपीने वेगळ्या पोर्टवरून येतात. बोलणी करतानाच सर्व्हर सांगतो, "आवाज या पत्त्यावर पाठवा." सर्व्हर राउटरच्या मागे असेल आणि त्याने १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता दिला, तर बाहेरच्याला तो सापडणार कसा? तुमचा आवाज जातो, त्यांचा येत नाही.

तपासायचं असं: ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'आरटीपी सेट डीबग ऑन' द्या. नुसती 'सेंट' पाकिटं दिसली आणि 'गॉट' एकही नाही, तर दोष येण्याच्या वाटेत आहे. मग 'पीजेसिप सेट लॉगर ऑन' देऊन 'सी=' ओळीतला पत्ता बघा. तो खासगी असेल तर ट्रान्सपोर्टच्या विभागात बाहेरचा मीडिया पत्ता, बाहेरचा सिग्नलिंग पत्ता आणि लोकल नेट हे तिन्ही भरा. पत्ता बरोबर असेल तर फायरवॉलकडे वळा. नमुना फाइलमध्ये आरटीपीसाठी १०००० ते २०००० हे यूडीपी पोर्ट असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रान्सपोर्टमधला बदल नुसत्या रीलोडने सहसा लागू होत नाही, ॲस्टेरिस्क रीस्टार्ट करावं लागतं. नाहीतर बरोबर दुरुस्तीही चुकीची वाटते आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

आता संशोधनाचा मुद्दा. न पोहोचलेलं उत्तर 'उत्तर नाही' म्हणून मोजलं, तर निष्कर्षच बदलतो. म्हणून प्रत्येक कॉलमागे आलेल्या आरटीपी पाकिटांची संख्या साठवा. ती शून्य असेल तर त्या नोंदीला 'तांत्रिक बिघाड' असा वेगळा कोड द्या. आणि रोज सर्वेक्षणाआधी बाहेरच्या मोबाइलवर एक चाचणी कॉल लावून १ दाबून बघा. विद्यापीठाच्या आतल्या फोनवरची चाचणी इथे कामाची नाही, कारण ती राउटर ओलांडतच नाही.