उडदाचं घुटं : पाहुण्यांसमोरही ठेवावं असं

आमच्या माळशिरस भागात उडदाचं घुटं नवीन नाही. पण पाहुणे आले की गोश्तच हवं, डाळ वाढली तर इज्जत जाते, असं आपण मानतो. मुलं ते ऐकतात आणि महिनाअखेरीला ताटात डाळ आली की तोंड वाकडं करतात.

खरं तर 100 ग्रॅम सुक्या उडीद डाळीत साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत भरपूर. म्हणून भाकरी आणि घुटं एकमेकांची उणीव भरून काढतात.

चार-पाच माणसांसाठी एक वाटी सालीची काळी डाळ कोरडीच खमंग भाजा आणि धुवा. चार वाट्या पाणी घालून कुकरच्या चार-पाच शिट्ट्या करा. डाळीला फेस येतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. लवकर शिजावी म्हणून सोडा टाकू नका, त्यानं ब-1 जीवनसत्त्व जातं.

शिजलेली डाळ रवीनं चांगली घोटा; नावच त्यावरून पडलंय. हिरवी मिरची, लसूण, जिरं जाडसर वाटून तेलात परता. त्यात डाळ, मीठ आणि गरम पाणी घालून उकळी आणा. वरून कोथिंबीर.

सहरीला करायचं तर मीठ-मिरची बेताची ठेवा, म्हणजे दिवसभर तहान कमी लागेल.

पुढच्या दावतीत गोश्तशेजारी घुट्याचं पातेलंही दस्तरख्वानावर ठेवू या. आपण आवडीनं खाल्लं, तर मुलंही खातील.