रॉकेलचा हीटर का विझतो?

अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांसारख्या उत्तरेकडील राज्यांत, जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत सहज उतरतो, तेथील गॅरेजांत आणि लहान कारखान्यांत तोफेच्या नळीसारखा आडवा, चाकांवर ओढून नेण्याजोगा रॉकेलचा हीटर हंगामभर घोंघावत असतो. ऐन थंडीत तो विझला, की मालक महागड्या सुट्या भागांची चौकशी करू लागतो. वास्तविक कसूर बहुधा यंत्राची नसून अस्वच्छ तेलाची व कोंडलेल्या हवेची असते.

त्याची रचना पाहिली म्हणजे हे उमगते. विजेच्या मोटरवर पंखा आणि हवेचा लहानसा पंप असे दोन्ही चालतात. पंपातील कार्बनच्या पत्त्यांनी दाबलेली हवा नॉझलमधून वेगाने सुटताना टाकीतील रॉकेल ओढून घेते व त्याचे सूक्ष्म तुषार करते, आणि ते ठिणगीने पेटतात. ज्वाळेवर पहारा ठेवणाऱ्या प्रकाशसंवेदी डोळ्यास ती दिसेनाशी झाली, की काही क्षणांतच हीटर आपोआप बंद पडतो.

म्हणून तपास तेलापासून आरंभावा. गेल्या हंगामातील शिळे रॉकेल काढून टाकावे. पाणी तेलाहून जड असल्याने ते टाकीच्या तळाशी साचते आणि तेथूनच नळीत शिरून ज्वाळेस फडफडवते. ‘के-1’ प्रतीच्या, म्हणजे 0.04 टक्क्यांहून अधिक गंधक नसलेल्या रॉकेलाचा आग्रह धरावा. मग पाळी हवेच्या गाळण्यांची, कारण सुतारकामाचा भुसा त्यांत बसला की दाब घटतो. हा दाब मुळातच अल्प, नमुन्यागणिक दर चौरस इंचास साधारण 3 ते 8 पौंड. तो कमी पडला तर पांढरा धूर आणि उग्र दर्प येतो, वाजवीपेक्षा वाढला तर ज्वाळा तोंडाबाहेर डोकावते. तेव्हा दाब ठरवणारा मागील स्क्रू अंदाजाने न फिरवता, दाबमापक लावून, पुस्तिकेतील आकड्याशी ताडूनच फिरवावा. हीटर पेटून लगेच विझत असेल, तर काजळलेला डोळा मऊ फडक्याने पुसावा. नॉझल मात्र दाबयुक्त हवेच्या फुंकरीनेच साफ करावे. स्टोव्हला पिन मारण्याची आपल्याकडील सवय येथे घातक, कारण तारेने छिद्र रुंदावले की तुषारांचे प्रमाण कायमचे बिघडते.

हे सारे प्लग काढून, यंत्र थंड झाल्यावरच करावे. टाकीत पेट्रोल कदापि घालू नये. रॉकेलाची वाफ सुमारे 38 अंशांखाली भडकत नाही, पेट्रोलची मात्र कडाक्याच्या थंडीतही भडकते. ज्वलनातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, गंध नाही; सबब हीटर चालू असेतो हवा खेळती राहील इतके दार किंवा खिडकी उघडी ठेवावी, आणि झोपण्याच्या खोलीत हा हीटर कधीही नेऊ नये.