महागड्या सिंगापुरातलं स्वस्त सिंगापूर

‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’च्या महागड्या शहरांच्या यादीत सिंगापूर वर्षानुवर्षं वरच्याच क्रमांकांत असतं. २०२३ मध्ये तर झुरिचच्या जोडीनं पहिलं होतं. एवढं वाचून अनेक जण बेत रद्द करतात, नाहीतर मुकाट्यानं पॅकेज टूरचे पैसे भरतात. पण ही यादी मुख्यतः परदेशी बदली झालेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी असते आणि तिच्यात मोटारीचा खर्चही धरलेला असतो. सिंगापुरात मोटार घ्यायची तर आधी तिचा दहा वर्षांचा परवाना लिलावात मिळवावा लागतो. २०२३ मध्ये छोट्या गाड्यांच्या परवान्यानंही एक लाख सिंगापूर डॉलरचा आकडा ओलांडला. चार दिवसांच्या पाहुण्याला त्याच्याशी काय देणंघेणं? मोटार, दारू आणि सिगारेट तिथल्या सरकारनं जाणूनबुजून महाग ठेवलीय. साधं जेवण, मेट्रो आणि बागा जाणूनबुजून आवाक्यात ठेवल्यात. पर्यटकाचं बजेट या दोन्हींतल्या निवडीवर ठरतं.

‘खाण्यातच खिसा रिकामा होतो’

मॉलमधल्या रेस्टॉरंटात होतो, हे खरं. मेनूवर किमतीपुढे ‘++’ असं चिन्ह दिसलं तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे २० डॉलरची डिश २४ ला पडते. पण गावातली बहुतेक माणसं रोज तिथे जेवत नाहीत. ती हॉकर सेंटरमध्ये जेवतात. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारनं १९७० आणि ८० च्या दशकांत नळ, गटार आणि छप्पर असलेल्या बाजारांत हलवलं, त्यातून ही सेंटरं उभी राहिली. आज अशी शंभराहून जास्त आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एक थाळीभर जेवण साधारण चार ते सहा डॉलरला मिळतं. डॉलरचे ७० रुपये धरले तर तीन-चारशे रुपये. पुण्या-मुंबईतल्या बऱ्या हॉटेलातही याहून कमी होत नाहीत.

लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा आणि बिर्याणी दोन्ही मिळतात. शाकाहारी मंडळींनी चिनी बौद्ध शाकाहारी गाळा शोधावा. इतर गाळ्यांवर नुसत्या भाजीतही ऑयस्टर सॉस किंवा सुकी कोळंबी असू शकते, तेव्हा विचारून घ्या. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट दिसलं तर ते उचलू नका: जागा अडवलेली आहे. जेवून झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तो नियमच आहे. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या, कारण काही गाळ्यांवर परदेशी कार्ड चालत नाही. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेणं सोडा. तिथलं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे.

‘पाहायचं म्हटलं की तिकीट’

युनिव्हर्सल स्टुडिओला जायचं तर हो. बोटॅनिक गार्डन मात्र फुकट आहे. १८५९ साली सुरू झालेली ही बाग आज जागतिक वारसास्थळ आहे. तिकीट फक्त आतल्या ऑर्किड बागेला. ‘गार्डन्स बाय द बे’मध्येही तिकीट काचेच्या घुमटांना लागतं. बाहेरची बाग आणि संध्याकाळचा सुपरट्रीचा प्रकाशखेळ सगळ्यांना मोकळा आहे. खर्च करायचाच तर माझं मत क्लाउड फॉरेस्टला, घुमटाच्या आत ३५ मीटरचा धबधबा आहे. उंचावरून शहर पाहायला मरीना बे सँड्सच्या गच्चीवर जायलाच हवं असं नाही. डक्स्टनमधल्या सरकारी घरांच्या इमारतीच्या ५० व्या मजल्यावरूनही ते दिसतं, पाच-सहा डॉलरात.

या सगळ्या जागांना मेट्रो किंवा बस जाते. चांगी विमानतळावरून शहरात यायला मेट्रोला साधारण दोन डॉलर लागतात, टॅक्सीला त्याच्या दहापटीहून जास्त. परदेशी बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डही गेटवर चालतं, मात्र त्यावर किरकोळ जादा शुल्क पडतं. रात्री अकरानंतर उतरणार असाल तर मेट्रोवर विसंबू नका.

‘मलेशियात राहा, सिंगापूर पाहा’

हा सल्ला फार ऐकू येतो. राहण्याचा खर्च सिंगापुरात खरोखरच टोचतो, आणि पलीकडच्या जोहोर बाहरूमध्ये खोल्या स्वस्त आहेत. मधला पूल जेमतेम एक किलोमीटरचा. पण त्या पुलावर रोज लाखो माणसं ये-जा करतात, दोन्हीकडे पासपोर्ट तपासणी असते आणि सुट्टीच्या दिवशी रांगेतच तासन्‌तास जातात. पैसे वाचतात, पण वेळ जातो. त्यापेक्षा लिटल इंडिया, चायनाटाउन किंवा लॅव्हेंडर भागातल्या कॅप्सूल होस्टेलमध्ये बिछाना घ्या. खासगी फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. तिथे खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्यानं देणं बेकायदा आहे.

‘अरायव्हल कार्डाचे पैसे भरावे लागतात’

नाही. व्हिसाचं सरकारी शुल्क ३० डॉलर आहे, वर एजंटाचं वेगळं. अरायव्हल कार्ड मात्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतं. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. आणि बॅगेत तंबाखू-गुटख्याची पुडी असेल तर ती घरीच ठेवा. चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे.